मानसी परब आणि भुतांचं कपाट

शाळेत ग्रंथपाल होते असं सांगितलं की लोक पुढचा प्रश्न विचारत नाहीत. शिक्षिका म्हटलं असतं तर विषय विचारला असता, कुठल्या इयत्ता विचारल्या असत्या. ग्रंथपाल म्हटलं की "अच्छा" म्हणतात आणि चहाच्या कपाकडे वळतात. माझी नणंद तर एका लग्नात चार बायकांसमोर म्हणाली होती, पुस्तकं द्यायची आणि परत घ्यायची, हिच्या डोक्याला काही ताप नाही. मी हसले. आता निवृत्त झाल्यावर दिवाळी अंकाची पानं मिळाली आहेत तर तो ताप काय असतो ते सांगून टाकते.

आमची शाळा घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. मराठी माध्यमाची. मुलं वरच्या वस्तीतून पायऱ्या उतरत यायची. मी चेंबूरहून रिक्षाने जायचे. वाचनालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली, भिंतींना लागून लोखंडी कपाटं आणि मध्ये बाकं. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास वाचनाचा. शिवाय कुठल्याही विषयाचे सर किंवा बाई आल्या नाहीत की तो वर्ग माझ्याकडे. त्यामुळे निम्मी मुलं वाचनालयात वाचायला यायची आणि निम्मी कोणाचं तरी पोट बिघडलं म्हणून यायची.

पुस्तकं देणं-घेणं हे काम नव्हेच. ते कुणीही करेल. खरं काम असतं मुलाला एका कपाटापासून दुसऱ्या कपाटापर्यंत नेण्याचं. प्रत्येक मूल एकाच कपाटासमोर उभं राहतं. कुणी विनोदी गोष्टींसमोर, कुणी राजे-महाराजांसमोर, कुणी चित्रांच्या पुस्तकांसमोर. शिक्षकांना वाटायचं त्यांनी बोधकथा वाचाव्यात, पालकांना वाटायचं सामान्यज्ञान वाचावं. मला वाटायचं त्यांनी सगळंच वाचावं: प्रवास, विज्ञान, नाटकं, चरित्रं, कविता, पक्ष्यांची पुस्तकं, सगळं. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतःला काय आवडतं हे माहीत असतं, पण आणखी काय आवडू शकतं हे माहीत नसतं, आणि ते त्याच्या आईवडिलांनाही माहीत नसतं.

सुरुवातीला मी हे काम शिस्तीने करायला गेले. प्रत्येकाला एक कार्ड, कार्डावर प्रत्येक प्रकाराचा चौकोन, पुस्तक वाचून परत केलं की त्यात शिक्का. पोरं पुस्तकं मधल्या सुट्टीत न्यायची आणि शाळा सुटताना परत आणायची. एका मुलीचं कार्ड सगळ्यांत आधी भरलं. मी कौतुकाने विचारलं, तो कवितासंग्रह कशाबद्दल होता गं? ती म्हणाली, कवितांबद्दल. मी त्या दिवशी शिक्का कपाटात ठेवून दिला.

मग हळूहळू समजलं की मुलाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ओढून नेता येत नाही, शेजारच्या कपाटापर्यंत मात्र नेता येतं. एक मुलगा फक्त क्रिकेटपटूंची चरित्रं वाचायचा. ती संपल्यावर मी त्याला चेंडू हवेत का वळतो ते सांगणारं पुस्तक दिलं. दुसऱ्या दिवशी येऊन तो म्हणाला, बाई, यात क्रिकेट एकाच प्रकरणात आहे, बाकी सगळं वाऱ्याबद्दल आहे, तुम्ही फसवलंत. पण पुस्तक काही परत दिलं नाही. वाऱ्यावरून तो ढगांवर गेला, ढगांवरून विमानांवर. अशी फसवणूक मी आयुष्यभर केली.

मानसी परबच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालेना.

मानसी सातवीत होती. किरकोळ अंगाची, बोलायला तोडून टाकणारी. ती फक्त भुताच्या गोष्टी वाचायची. हडळ, वेताळ, पडका बंगला, विहिरीतली बाई, जे असेल ते. आमच्याकडची संपली की पुन्हा पहिल्यापासून. शेजारचं कपाट म्हणून मी रहस्यकथा दिल्या, त्या तिने चार वाचल्या आणि म्हणाली, खून कोणी केला ते कळलं की संपलं. तिचे आजोबा गिरणीत होते, गाव मालवणकडचं. वडील एका मॉलमध्ये सुरक्षा रक्षक, आई घरी बसून नकली दागिन्यांना खडे चिकटवायची. त्या वस्तीत निम्म्या घरांत तेच काम.

एकदा मधल्या सुट्टीत तिची आई थेट वाचनालयात आली. मागे मानसी, खाली बघत. आईच्या हातात आमचं पुस्तक होतं, वर कवटीचं चित्र. ते तिने माझ्या टेबलावर ठेवलं आणि रागात तिची मालवणी बाहेर आली.

"बाई, तुम्ही पुस्तकां देतास की भुतां देतास? माझा चेडू दिवसाउजेडी सोडून घराच्या भायर पडणा नाय."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग त्या जरा शांतपणे बोलल्या. त्यांच्या घरात संडास नव्हता. सार्वजनिक संडास पायऱ्या उतरून, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे. मानसी लहानपणापासून एकटी जायची. आता दिवेलागण झाली की जायचं नाव काढत नाही. पोट धरून बसते. विचारलं तर म्हणते, टाकीपाशी भूत आहे. मग हातातलं काम टाकून आईने सोबत जायचं. उशी झटकताना हे पुस्तक सापडलं आणि आईला कारण मिळालं.

त्यांचं चुकलं होतं असं मला त्या वेळी वाटलं नाही. पोर घाबरते आणि उशीखाली कवटी सापडते, तर कुठल्याही आईने हाच हिशेब केला असता. टाकीपाशी खरंच भूत आहे का असं मानसीला मी विचारलं तर तिने नुसती होकाराची मान हलवली.

परबताई जाताना मुख्याध्यापकांकडे गेल्या. आमचे मोरे सर माणूस चांगले, पण पालकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपला फार भ्यायचे. त्यांनी भुताची सगळी पुस्तकं एका कपाटात घालायला लावली आणि कुलूप घालून किल्ली स्वतःकडे ठेवली. कपाटाला काच होती. आठवड्याभरात सगळी शाळा त्याला भुतांचं कपाट म्हणायला लागली. जी मुलं कधी वाचनालयात फिरकली नव्हती ती काचेला नाक लावून उभी राहू लागली. एवढी मागणी मला कुठल्याच पुस्तकांना आणता आली नव्हती.

मानसी मात्र काचेशी गेली नाही. वाचनाच्या तासाला बाकावर डोकं टेकून पडून राहायची. मी समोर पुस्तक ठेवलं की पहिलं पान बघायची आणि बाजूला सरकवायची. असे आठवडे गेले. मला काळजी वाटायला लागली, कारण सातवी-आठवीत हात पुस्तकावरून निघाला की तो मोबाइलवर जातो आणि सहसा परत येत नाही. मी ते कितीतरी मुलांच्या बाबतीत बघितलं होतं. मानसीला गमावणं मला परवडणारं नव्हतं. भुतांची का होईना, ती वाचणारी मुलगी होती.

एका तासाला मी तिच्या बाकावर जाऊन बसले आणि सरळ विचारलं, तुला त्या गोष्टींत नेमकं काय आवडतं ते सांग. घाबरायला आवडतं का?

तिने बाकावरून डोकं उचललं. मग म्हणाली, "नाही बाई. भुताच्या गोष्टीत शेवटपर्यंत कळत नाही काय होणार ते. तुमच्या बाकीच्या पुस्तकांत पहिल्या पानावरच कळतं, मुलगा शहाणा होणार."

इतकी वर्षं मी मुलांच्या पुस्तकांची खरेदी करत होते. प्रकाशकांचे विक्रेते येऊन गठ्ठे ठेवायचे. माझ्या कपाटांतल्या बालसाहित्याची एवढी नेमकी समीक्षा कोणी केली नव्हती. त्या संध्याकाळी मी शाळा सुटल्यावर थांबले आणि कपाटं तिच्या डोळ्यांनी बघितली. मुलगा शहाणा होणार, मुलगी दयाळू होणार, आळशी पोपट पस्तावणार. रांगाच्या रांगा. मी शोधत होते असं पुस्तक, ज्याच्या पहिल्या पानावर कोणालाच काही माहीत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही.

ते मला प्रवासवर्णनांच्या कपाटात खालच्या कप्प्यात मिळालं. आपल्याकडचीच काही कॉलेजची पोरं हिमालयात एका शिखरावर जातात, वर वादळात अडकतात आणि तंबूत दिवस काढतात, त्यांतल्याच एकाने लिहिलेलं. मोठ्यांसाठीचं पुस्तक, बारीक टाइप, एकही चित्र नाही. मोठी रिस्क होती. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात दिलं तेव्हा तिने विचारलं, यात भूत आहे? मी म्हटलं नाही. मग कोणी मरतं? मी म्हटलं, मला माहीत आहे पण सांगणार नाही.

ती पुस्तक घेऊन गेली.

घरी काय झालं ते मला नंतर कळलं. परबताईंनी आता नियम केला होता: कुठलंही पुस्तक घरात आलं तर ते आईसमोर, मोठ्याने वाचायचं. आत काय आहे ते कळलं पाहिजे. त्यामुळे संध्याकाळी आई खडे चिकटवायची आणि मानसी वाचायची. आईचं शिक्षण सातवीपर्यंत. पुस्तक असं तिने शाळा सुटल्यापासून हातात धरलेलं नव्हतं.

आठवड्याने मानसीने पुस्तक परत आणून दिलं. कसं वाटलं विचारलं तर म्हणाली, असलंच दुसरं आहे का? मी मनातल्या मनात उडी मारली आणि तिला समुद्रावरचं एक दिलं.

दोन दिवसांनी परबताई पुन्हा दारात. मी उठून उभीच राहिले. मोरे सर आज रजेवर आहेत हे एक बरं, असंही मनात येऊन गेलं. त्या आत आल्या, इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही याची खात्री केली आणि हळू आवाजात विचारलं, "ती पोरं खाली उतरली काय?"

मला क्षणभर कळेना कुठली पोरं.

मग त्यांनी सांगितलं. मानसीने शेवटची पन्नासेक पानं शाळेतच मधल्या सुट्टीत वाचून टाकली आणि पुस्तक परत करून मोकळी झाली. घरी आई तंबूत अडकलेली. काय झालं ते सांग म्हटलं तर पोरगी सांगायला तयार नाही, सांगितलं तर मजा जाते म्हणते. दोन दिवस डोक्यात तेच, एका हाराला खडे उलटे बसले. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"सांगू नका. पुस्तकच द्या."

मी पुस्तक दिलं. पालकांना पुस्तक द्यायचा नियम नव्हता. मानसीच्या नावावर नोंद केली. त्यांनी ते पिशवीत घातलं, पण उठल्या नाहीत. पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत राहिल्या.

त्या पुस्तकात एक गोष्ट होती. तंबूत अडकल्यावर त्या पोरांचा पुढारी रोज संध्याकाळी प्रत्येकाला विचारायचा, आज तुला कशाची भीती वाटली? ज्याने त्याने खरं सांगायचं, बाकीच्यांनी हसायचं नाही. परबताई म्हणाल्या, आम्ही दोघी पण तसं खेळायला लागलो. आधी त्यांनी स्वतः सांगितलं की पावसाळ्यात वरची दरड घरावर येईल अशी त्यांना भीती वाटते. मानसीने सांगितलं, गणिताच्या पेपरची. दुसऱ्या दिवशी आणखी काहीतरी, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं. मग एका संध्याकाळी ती पुस्तक मिटून म्हणाली, टाकीपाशी मुलं बसतात.

मोठी मुलं. सिगरेटी ओढत बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना काहीबाही बोलायची. एकाने मानसीची वाट अडवली होती. हात धरला होता.

"आणि भूत?" मी विचारलं.

परबताईंचे डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. त्या म्हणाल्या, "ती म्हणते, भूत सांगितलं की तू सोबत येतेस. खरं सांगितलं असतं तर तू मला बाहेरच पडू दिलं नसतंस. शाळा पण बंद केली असतीस." मग म्हणाल्या, "आणि खोटं नाय बोलली ती, बाई. मी तसंच केलं असतं."

खाली पटांगणात पाचवीची कवायत चालली होती.

परबताईंनी पुढे जे केलं ते त्यांचं त्यांनी केलं, त्यात माझा काही वाटा नाही. नवऱ्याला आधी सांगितलं नाही, कारण तो मारामारी करून बसला असता. त्यांनी वस्तीतल्या बायका गोळा केल्या. सगळ्यांच्या मुलींना विचारलं तर प्रत्येकीकडे काही ना काही निघालं. मग दिवेलागणीला त्या सगळ्या आपापली खड्यांची ताटं, डिंकाच्या बाटल्या, बसायला पोती घेऊन टाकीपाशी जाऊन बसल्या आणि तिथेच काम करू लागल्या. भांडण नाही, शिव्या नाहीत. पोरं आली, बायकांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. त्यांतल्या एका पोराची आईच तिथे ताट घेऊन बसली होती. तो उभ्या उभ्या वळला. काही दिवस त्या रोज बसल्या. पोरांनी ती जागा सोडली. टाकीजवळच्या खांबावर दिवा लागायला मात्र बरेच हेलपाटे घालावे लागले, पण लागला. मी परबताईंना विचारून मोरे सरांच्या कानावर घातलं, आणि आमच्या दोन शिक्षिका मोठ्या वर्गांतल्या मुलींशी स्वतंत्र बसून बोलल्या. तिथेही बरंच काही निघालं. आधीच बोलायला हवं होतं असं त्या दोघी म्हणाल्या आणि मलाही तेच वाटलं.

एके दिवशी परबताई मोरे सरांकडे गेल्या. मला बोलावून घेतलं होतं. त्या सरांना म्हणाल्या की माझी तक्रार मी मागे घेते, भुतांनी काय केलेलं नाय. सरांनी माझ्याकडे बघितलं, ड्रॉवर उघडला आणि किल्ली दिली. कपाट उघडल्यावर पहिले दोन दिवस झुंबड, मग सगळं पूर्वीसारखं. मानसीने एक पुस्तक नेलं, तिचं आवडतं, विहिरीतल्या बाईचं. दुसऱ्याच दिवशी परत. बाई, आता यात काय होणार ते मला कळतं, म्हणाली. जरा वाईट वाटलं होतं तिला.

त्यानंतर ती शाळेत होती तोवर मी तिच्या मागे धावत होते असं म्हटलं तरी चालेल. समुद्रावरून माशांवर, माशांवरून कोळ्यांच्या गाण्यांवर, तिथून नाटकांवर. एका डॉक्टरबाईंचं चरित्र तिने वाचलं आणि त्यांच्या नवऱ्याचा तिला इतका राग आला की दोन दिवस त्यावर बोलत होती. अंतराळातल्या गोष्टी, किड्यांची पुस्तकं, तुरुंगातल्या आठवणी. कविता मात्र तिला मी देऊ शकले नाही. एकदा नेली आणि परत दिली: बाई, यात काही होतच नाही. दोष तिचा नव्हता. माझ्या कपाटात मुलांच्या कविता म्हणजे सगळा चांदोबा आणि फुलपाखरं, आणि मोठ्यांच्या कविता फारच मोठ्यांच्या. मधलं काही मी वेळेवर मागवलं नाही. ती खंत आहे. आणखीही आहेत. ज्यांची नावंही आता आठवत नाहीत अशी कितीतरी मुलं बाकावर डोकं ठेवून निघून गेली, त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं राहून गेलं. माझ्या जागी अजून कोणाची नेमणूक झालेली नाही. वाचनालय आता ज्या शिक्षकाला तास नाही तो उघडतो.

गेल्या आठवड्यात परबताईंचा फोन आला की रविवारी घरी या. मानसी आता अकरावीला आहे. मी गेले. डोंगर चढताना दोनदा थांबले. त्यांच्या दाराबाहेरच्या ओट्यावर सहा-सात बायका खडे चिकटवत बसल्या होत्या आणि मानसी एका मोडक्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वाचत होती. ते म्हणे आता दर रविवारचं असतं. काय वाचायचं यावरून भांडणं होतात. एकीला फक्त चरित्र हवं असतं, एक आजी म्हणतात युद्धाचं आण, आणि परबताईंना डोंगरातलं काहीही चालतं. त्या दिवशी एका बाईच्या आत्मकथनातलं प्रकरण होतं, ती सासर सोडून शिकायला निघते ते. मानसीला पुरतं पान वाचू दिलं नाही कोणी. तिने जायला हवं होतं की नाही, पोराला मागे ठेवून गेली ते बरोबर की चूक, सगळ्या एकदम बोलत होत्या, हात खाली चालूच. एक बाई, जी आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती, ती मान खाली घालूनच म्हणाली, मी जाणार होते, गेले नाही. परबताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि लेकीला म्हणाल्या, वाच गं पुढे.

माझा चहा हातातच थंड झाला.

निघताना मानसी मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आली. मी सवयीने विचारलं, सध्या काय वाचतेस? तिने तीन-चार नावं सांगितली. मग तिने उलट विचारलं, "बाई, तुम्ही काय वाचता?"

मला हे इतक्या वर्षांत कोणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आता वय झालं, कौटुंबिक कादंबऱ्या वाचते, बरं वाटतं.

"फक्त त्याच?" तिने विचारलं.

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ती म्हणाली, थांबा, आणि धावत वर गेली. खाली आली तेव्हा हातात एक जाडसर पुस्तक होतं, रद्दीच्या दुकानातून आणलेलं, मागचं कव्हर नसलेलं. जाळी विणणाऱ्या कोळ्यांबद्दलचं. मला आयुष्यभर कोळ्यांची किळस, घरात दिसला तर मी नवऱ्याला हाक मारते. तिने माझी पिशवी उघडून ते आत ठेवलं आणि म्हणाली, पुढच्या रविवारी यायचं आणि काय वाटलं ते सांगायचं.

वाचते आहे. कालच कळलं की जुनं जाळं फाटलं की काही कोळी ते खाऊन टाकतात आणि त्यातूनच नवं विणतात. रविवारी जायचं आहे म्हणून पटापट वाचायला घेतलं होतं, आता मुद्दाम हळू वाचते आहे.